शेंडेफळ: उशिरा पिकणाऱ्या पीचचं एक रोप हाती लागलंय, त्याची जात कशी करायची?

पानगळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. प्रश्न एका झाडाचा आहे, पण पुढची आठ-दहा वर्षं त्यात जाणार असं दिसतंय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आठ वर्षांपूर्वी मी एका निमगरव्या, म्हणजे ना लवकर ना फार उशिरा पिकणाऱ्या, पीचच्या कोयी रुजवल्या. ४३ रोपं झाली, त्यातली ४१ फळावर आली. त्यातल्या एका झाडाने मला पहिल्याच बहरात थांबवलं. सगळी झाडं रिकामी झाली, पानं पिवळी पडायला लागली, आणि हे झाड अजून फळं धरून उभं. घरात सगळ्यांनी त्याचं नाव शेंडेफळ ठेवलं.

त्याचे तीन बहर मी वहीत टिपलेत. भर फुलोऱ्यापासून पहिल्या तोड्यापर्यंत १६६, १७१ आणि १६३ दिवस. आईचं झाड साधारण १२५ दिवसांत पिकतं. फळ सरासरी २३० ग्रॅम, पिवळा गर, उन्हाच्या बाजूला लाल, कोय सुटी. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, १४ ते १५. चव मी स्वतःच सांगणं बरं नाही, पण ज्यांनी खाल्लं त्यांनी पुन्हा मागितलं.

शेजारी आईपेक्षा उशिरा येणारं, पांढऱ्या गराचं एक झाड आहे. त्याचेच परागकण आले असावेत असा माझा अंदाज.

आता अडचण. या वर्षी तीन बागायतदारांनी डोळे भरायला, म्हणजे या झाडाचा डोळा दुसऱ्या रोपावर बसवून कलम करायला, काड्या मागितल्या. त्यांना शंभरेक झाडं लावायची आहेत. हंगाम संपल्यावर येणारं फळ त्यांना हवंच आहे. द्याव्यात का? आणि रोपाची 'जात' होण्याआधी मी काय काय तपासायला हवं? फ्रिजमध्ये तीन आठवडे ठेवून पाहिली तर गर कापसासारखा झाला, ते मनाला फार लागलंय.

डोळाकलम

पानगळताई, अभिनंदन. आणि लगेच विनंती: काड्या कुणालाही देऊ नका. या वर्षी तर नाहीच.

तुमच्याकडे आज एक झाड आहे, तेही स्वतःच्या मुळांवर. बागायतदाराकडे ते खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळांवर, जाईल. खुंट बदलला की जोम, फळाचा आकार, पिकण्याचे दिवस, सगळं थोडंफार हलतं. म्हणून पहिलं काम, या उन्हाळ्यात डोळे भरून निदान दहा-बारा झाडं करा, दोन वेगळ्या खुंटांवर. जमिनीत मुळांना लागणारे सूत्रकृमी असतील तर नेमागार्ड हा खुंट, चुनखडीची जमीन असेल तर पीच-बदाम संकर जीएफ ६७७. त्यातली निम्मी दुसऱ्या कुणाच्या तरी जमिनीत लावा, तीही तुमच्या देखरेखीखाली. या कलमांना फळं येऊन दोन-तीन बहर होईपर्यंत तुम्हाला तुमच्या झाडाबद्दल जे माहीत आहे ते फक्त त्या एका खड्ड्यापुरतं खरं.

दुसरं, दिवस मोजलेत ते फार चांगलं केलंत. नुसती तारीख लिहिणारे पुष्कळ, फुलोऱ्यापासून मोजणारे थोडे. पण १६३ आणि १७१ मध्ये आठ दिवसांचा फरक का पडला, हे वहीत आहे का? फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत हवा उबदार असली की फळ लवकर पिकतं, गार असली की लांबतं. नंतरच्या उन्हाचा परिणाम त्यामानाने कमी. त्या महिन्याचं रोजचं कमाल-किमान तापमान लिहून ठेवा. बागायतदार विचारेल, 'अमुक जातीनंतर किती दिवसांनी?' उत्तर तशाच भाषेत द्यावं लागतं. पूर्वी एल्बर्टा या जुन्या अमेरिकी जातीच्या मागेपुढे किती दिवस असं मोजत, पुढे मिशिगनमधल्या साउथ हेवनच्या केंद्रातून १९४० साली आलेली रेडहेवन ही मोजपट्टी झाली. तुमच्या शिवारात सगळ्यांना ठाऊक असलेली एखादी जात शेजारी लावा आणि तिच्या तुलनेत लिहा.

तिसरं, दर आठवड्याला त्याच वीस फळांची जाडी कॅलिपरने मोजा. पीचचं फळ तीन टप्प्यांत वाढतं. आधी भराभर, मग मध्ये वाढ थांबल्यासारखी वाटते कारण आत कोय टणक होत असते, आणि शेवटी पुन्हा फुगतं. हळव्या (लवकर पिकणाऱ्या) जातीत मधला टप्पा जेमतेम असतो, गरव्या (उशिरा पिकणाऱ्या) जातीत तो लांबत जातो. तुमच्या झाडात तो किती लांब आहे हे कळलं की विरळणी कधी करायची, शेवटचं पाणी कधी तोडायचं, हे ठरवता येतं.

गर कापसासारखा का झाला ते कुणीतरी शीतगृहातलं माणूस नीट सांगेल. एवढ्यावरून झाड बाद करू नका.

रानवारा

डोळाकलमकाकांशी सहमत. मी एक वेगळी शंका काढतो. मी वनस्पतींच्या आनुवंशिकीवर काम करतो, पीच माझं मुख्य पीक नाही, पण त्याचा जीनोम बराच वाचलाय. गुणसूत्रांच्या आठ जोड्या, जीनोम लहान, २०१३ साली लोव्हेल जातीच्या द्विगुणित एकगुणी झाडावरून (ज्यात प्रत्येक जोडीतल्या दोन्ही प्रती एकसारख्या असतात) तो प्रसिद्ध झाला. फळझाडांत अभ्यासाला इतकं सोयीचं झाड विरळा.

पानगळताई, तुमच्या ४१ झाडांत अशी काही आहेत का, ज्यांची फळं शेवटपर्यंत कडक आणि हिरवटच राहतात? पानगळ झाली तरी फांदीवर, तोडून घरात ठेवली तरी मऊ पडत नाहीत?

पानगळ

हो! तुम्हाला कसं कळलं? अशी काही आहेत. खरं सांगायचं तर त्यातल्या एकाला मी शेंडेफळापेक्षाही सरस समजत होते. इतकं टिकाऊ की पंधरा दिवस टेबलावर ठेवलं तरी बोटाने दाबत नव्हतं. चवीला मात्र पाणचट. वाटलं, अजून पिकायचंय.

रानवारा

ते पिकणार नाही. कधीच.

पीचमध्ये 'मंद पिकणं' नावाने ओळखला जाणारा एक अप्रभावी गुण आहे. फँटेशिया या नेक्टरीनमध्ये (लव नसलेल्या पीचमध्ये) तो दडलेला सापडला. चौथ्या गुणसूत्रावर पिकण्याची वेळ ठरवणारा एनएसी कुळातला एक जनुक आहे, आणि या प्रकारात त्याचा तुकडाच गळालेला असतो. दोन्ही बाजूंनी गळालेली प्रत आली की फळ वाढतं पण पिकण्याची प्रक्रिया सुरूच होत नाही. इथिलीन नाही, सुवास नाही, गर मऊ होत नाही. गरव्या जातीच्या शोधात असलेल्या माणसाला हे झाड सगळ्यात जास्त फसवतं, कारण लांबून ते अगदी हवं तसंच दिसतं.

त्याच जनुकात डीएनएच्या नऊ अक्षरांची भर असलेलं एक रूप लवकर पिकण्याशी जोडलेलं आढळलं आहे. म्हणजे हळवेपणा, गरवेपणा आणि कधीच न पिकणं, तिन्हींच्या मागे बऱ्याच अंशी एकच जागा.

आता वहीतून दोन आकडे द्याल का? एक, अशी न पिकणारी झाडं नेमकी किती. दोन, ४१ पैकी पांढऱ्या गराची किती.

पानगळ

वही काढून मोजलं. न पिकणारी नऊ. पांढऱ्या गराचं एकही नाही, सगळी पिवळी.

रानवारा

मग तुमच्या शेजारच्या झाडाचा यात काही हात नाही.

पीचमध्ये पांढरा गर प्रभावी, पिवळा अप्रभावी. तुमचं पिवळं झाड आई आणि पांढरं झाड बाप असतं, तर त्या बापाच्या पिलांपैकी निदान निम्मी पांढरी निघाली असती. एकही नाही. त्यात पीच बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतं, फूल उघडायच्या आधीच काम उरकलेलं असतं. मधमाश्या असूनही परपरागण थोडंच होतं. ४१ पैकी नऊ म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश. आईमध्ये मंद पिकण्याची एक प्रत दडलेली आहे आणि ही सगळी तिचीच स्वपरागित पिलं आहेत, असं म्हणायला पुरेसा आधार आहे.

याचा शेंडेफळाशी संबंध असा. ते नीट पिकतं, म्हणजे निदान एक प्रत शाबूत आहे. पण अशा पिकणाऱ्या भावंडांत तीनपैकी दोघांत ती एक प्रत दडलेली असते. फळविक्रीसाठी याने काही बिघडत नाही. पुढे संकर करायला झाड वापरणार असाल तर मात्र आधी डीएनए तपासा. दुसऱ्या बाजूलाही तशीच प्रत असली तर एक चतुर्थांश रोपं वाया, आणि ते कळायला तीन वर्षं जाणार.

कोवळंऊन

वाचतेय, फार शिकायला मिळतंय. एक भाबडी शंका: पीच स्वतःच्याच परागाने फळतं, तर शेंडेफळाच्या कोयीच का वाटू नयेत? डोळे भरायची खटपटच नको.

डोळाकलम

शंका भाबडी नाही, पण उत्तर याच धाग्यात आलंय. एका आईच्या ४१ कोयींतून १२५ दिवसांची, १६५ दिवसांची आणि कधीच न पिकणारी अशी सगळी झाडं निघाली. कोयीतून झाड येतं, जात येत नाही. एल्बर्टासुद्धा चायनीज क्लिंग या जातीच्या एका कोयीतून आली. जॉर्जियात सॅम्युएल रम्फ यांनी १८७० च्या सुमारास लावलेली कोय, झाडाला नाव पत्नीचं. पण मालगाड्या भरभरून गेली ती त्या एका झाडाच्या डोळ्यांची फळं, त्याच्या कोयींची नव्हेत.

शीतघर

पॅकहाउस आणि शीतगृहात वीस वर्षं काढलीत, म्हणून कापसाबद्दल लिहितो.

ताई, तुमच्या फ्रिजचं तापमान किती होतं? घरगुती फ्रिज साधारण ४-५ अंशांवर चालतो. पीचसाठी २ ते ८ अंश हा सगळ्यात वाईट पट्टा आहे. त्यापेक्षा शून्य अंश बरं. ऐकायला उलट वाटतं, पण असंच आहे. त्या मधल्या पट्ट्यात गरातलं पेक्टिन अर्धवट तुटतं. रस आटत नाही, तो त्या पेक्टिनमध्ये अडकून बसतो. म्हणून फळ वजनाला तेवढंच, बाहेरून देखणं, आणि चावलं की कोरडा लोकरीसारखा गर. पुढची पायरी म्हणजे कोयीभोवती तपकिरी पडणं, आणि चव आधीच गेलेली असते.

तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की हा दोष हळव्या जातींत कमी आणि निमगरव्या-गरव्यांत जास्त दिसतो. गरवं फळ लोकांना हवं असतं ते हंगाम लांबवायला, म्हणजे ते साठवलं जाणारच, लांब पाठवलं जाणारच. त्यामुळे ही परीक्षा तुमच्या झाडासाठी चवीइतकीच मोठी आहे.

परीक्षा अशी घ्या. एकाच दिवशी, एकाच टणकपणाची फळं तोडा. अर्धी शून्य अंशावर, अर्धी ५ अंशांवर. दोन, तीन आणि चार आठवड्यांनी प्रत्येक ठिकाणची दहा-दहा बाहेर काढा. लगेच कापू नका, २० अंशांवर दोन-तीन दिवस पिकू द्या, दोष तेव्हाच उघडा पडतो. मग मधोमध कापून पिळून पाहा, रस किती सुटतो, कोयीभोवती रंग कसा आहे. शेजारी माहितीतली एखादी जात तशीच ठेवा, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही.

आणि लाल रंगावर तोडू नका. लाली ऊन ठरवतं. लालीखालचा मूळ रंग हिरव्याचा पिवळा कधी होतो ते बघा आणि दाबमापकाने टणकपणा मोजा. गरव्या फळावर लाली पिकण्याच्या बरीच आधी येऊन बसते, आणि तोडणारे हात फसतात. कच्चं तोडलेलं फळ शीतगृहात सर्वांत आधी बिघडतं.

मृगधारा

मी बागायतदार, म्हणून जरा कडवट बोलणार आहे. वाईट वाटून घेऊ नका.

गरव्या जाती आधीही आल्यात. फेअरटाइम आहे, इतरही आहेत. मी एक गरवी जात नऊ वर्षं सांभाळून शेवटी काढून टाकली. फळ उत्तम होतं. झाड परवडत नव्हतं.

हळवं फळ दोन-अडीच महिन्यांत झाडावरून उतरतं. शेंडेफळ साडेपाच महिने झाडावर. तेवढ्या काळात फळमाशीच्या आणि फळ पोखरणाऱ्या पतंगाच्या किती पिढ्या होतात? आसपासची सगळी झाडं रिकामी झाल्यावर त्या सगळ्या कुठे येणार? तुमच्या झाडावर. पक्षीही तिथेच. आणि पिकताना पाऊस लागला तर तपकिरी कुज. एक फळ सडलं की स्पर्श झालेलं दुसरं जातं, आणि तोड्याला दोन दिवस असताना हे होतं तेव्हा फवारायचं म्हटलं तरी काढणीपूर्वीची मुदत (फवारणी आणि तोडा यांत सोडायचे दिवस) आडवी येते. माझी निम्मी फळं एका वर्षी अशी गेली. झाडावर वाळून लटकलेली फळं आम्ही वेळेवर काढली नव्हती, हीही आमची चूक. बुरशी त्यातूनच पुढच्या हंगामात येते.

दुसरं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे याच वर्षीच्या नव्या फुटीवर, उन्हाळ्यात धरतात. तेव्हा झाडावर ओझं असतं. हळव्या जातीला काढणीनंतर मोकळा काळ मिळतो, झाड अन्न साठवतं. गरव्याला फळ उतरलं की पानगळ दारात. म्हणून एक वर्ष भरघोस, दुसऱ्या वर्षी फांद्या मोकळ्या. ताई, तुमच्या तीन बहरांत फळांची संख्या किती होती? नुसतं सरासरी वजन मला काही सांगत नाही.

आणि तोडे किती? एका झाडाची फळं दोन तोड्यांत उतरली तर ठीक. पाच फेऱ्या माराव्या लागल्या तर मजुरीतच सगळं जातं.

पानगळ

वाईट अजिबात वाटलं नाही. उलट हेच कुणीतरी विचारायला हवं होतं.

फळांची संख्या: पहिल्या बहरात १४० च्या आसपास, दुसऱ्यात २९०, तिसऱ्यात ११०. दुसऱ्या वर्षी मी विरळणी केली नव्हती, लोभ झाला. तिसऱ्या वर्षी फुलंच कमी आली. मी ते थंडीच्या माथी मारलं होतं. तुमचं वाचल्यावर आता तसं वाटत नाही.

तोडे तीन, बारा दिवसांत. गळ फारशी नाही. कुज दुसऱ्या वर्षी दिसली, फळं एकमेकांना चिकटून होती तिथे.

डोळाकलम

मृगधारा, तुमचा अनुभव मोलाचा आहे, पण निष्कर्ष थोडा वेगळा काढतो. या त्रासावर माणसांनी वाट काढलेली आहे. स्पेनमध्ये आरागोनच्या कालांदा भागातली पीच पाहा. तिथे कोवळं फळ झाडावरच मेणकागदाच्या पिशवीत घालतात आणि शरद ऋतूत ती पिशवीसकट काढतात. माशी नाही, फवारणीचा अंश नाही, रंग एकसारखा फिकट पिवळा. १९९९ साली त्या फळाला भौगोलिक नावाचं संरक्षण मिळालं. काम जीवघेणं आहे, प्रत्येक फळ हाताने बांधायचं. पण उशिरा येणं हीच तिथल्या फळाची ओळख झाली.

त्यात एक गोष्ट लक्षात घ्या. कालांदाचा गर न विरघळणारा आहे, कोयीला घट्ट चिकटलेला. तसा गर पिकला तरी लवचिक राहतो, आणि लोकरीसारखा सहसा होत नाही. शेंडेफळाचा गर विरघळणारा, कोय सुटी. म्हणजे झाडावर लटकून राहायलाही त्याला जास्त अडचण. पुढचा संकर कुठल्या दिशेने करायचा याचं उत्तर मला इथे दिसतं.

मृगधारा

पिशवीचा प्रयोग मान्य. पण मजूर मोजून करा. एका झाडाला किती तास लागले ते लिहा, 'परवडतं' असं लिहू नका. ते आम्ही ठरवू.

कागदोपत्री

मंडळी, कायद्याची बाजू राहिली. काड्या देण्याचा प्रश्न नुसत्या घाईचा नाही.

वाणाच्या संरक्षणासाठी बरेच देश यूपोव्ह या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौकटीत चालतात. वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर हवा. चौथी अट नवेपणाची, आणि लोक तिथेच घसरतात. कराराच्या १९९१ च्या आवृत्तीप्रमाणे झाडाची सामग्री किंवा फळं व्यापारासाठी तुमच्या संमतीने विकली किंवा दिली गेली, तर स्वतःच्या देशात एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, परदेशात झाडावेलींसाठी सहा वर्षांच्या आत. हक्क मिळाला तर झाडांना निदान २५ वर्षं. शंभर झाडांसाठी काड्या दिल्यात की घड्याळ सुरू, आणि अजून तुमच्या हातात चाचणीचा एकही आकडा नाही.

चाचणीसाठी द्यायच्याच असतील तर लेखी करार करा: पुढे डोळे भरायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत, चाचणी संपली की झाडं परत किंवा नष्ट. अमेरिकेत वनस्पती पेटंटचा कायदा १९३० चा आहे. नव्या फळजाती काढणारे ल्यूथर बरबँक १९२६ सालीच वारले होते, त्यांच्या फळजातींना पेटंट त्यांच्या पश्चात मिळाली. हयातभर त्यांच्या रोपांच्या नकला होत राहिल्या.

कोवळंऊन

पण हे सगळं अडवून ठेवणं बरोबर आहे का? पीचची झाडं हजारो वर्षं माणसं एकमेकांना देत आलीत. चीनमधून इराण, तिथून युरोप, सगळा प्रवास कोयी आणि काड्यांचा. पानगळताईंना ते फळ लोकांपर्यंत जावंसं वाटतंय, असंच त्यांच्या लिहिण्यातून दिसतं.

कागदोपत्री

हक्क घेतला म्हणजे अडवलंच असं नाही. हक्क हातात असला तर वाण कुणाला मोफत द्यायचा, कुणाला नाही, हे ताई ठरवतील. नसला तर पहिली मोठी रोपवाटिका ठरवेल, आणि नावही तीच देईल.

डोळाकलम

दोघांचंही पटतं. पण मला त्याहून मोठी भीती विषाणूंची आहे. काडीबरोबर विषाणू जातो. पीचला प्रुनस नेक्रॉटिक रिंगस्पॉट, प्रून ड्वार्फ, आणि सगळ्यांत वाईट प्लम पॉक्स. काहींची लक्षणं वर्षानुवर्षं दिसत नाहीत, झाड हिरवंगार असतं. ताई, शेंडेफळाच्या मूळ झाडाची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. प्रेमाने दिलेल्या काडीने दुसऱ्याची बाग गेली तर ते भरून देता येत नाही.

पानगळ

ठरलं. या वर्षी काड्या नाहीत. तिन्ही बागायतदारांना मी स्वतः भेटून सांगितलं. एक जण नाराज झाले, दोघांनी हा धागा वाचायला घेतला.

उन्हाळ्यात बारा कलमं, दोन खुंटांवर. विषाणू तपासणीला नमुने पाठवतेय. आणि येत्या फुलोऱ्यात एक संकर करायचा आहे: शेंडेफळ आणि न विरघळणाऱ्या गराची एक टणक निमगरवी जात. आई कुणाला करू?

डोळाकलम

शेंडेफळाला. गरव्या जातीच्या कोयीतलं बी पूर्ण भरलेलं असतं, सरळ रुजतं. हळव्या जातीत फळ पिकतं तरी बी अपुरं असतं, मग भ्रूण काढून काचेच्या नळीत वाढवावा लागतो. गरव्यावर काम करणाऱ्याला ही एक मोठी सवलत आहे.

पद्धत थोडक्यात. बापाची फुलं फुग्याच्या अवस्थेत, उघडायच्या आदल्या दिवशी, तोडा. परागकोश चाळून कागदावर एक दिवस वाळवा. उरलेले पराग सिलिका जेलसोबत गोठणपेटीत ठेवले तर पुढच्या वर्षीही चालतात. शेंडेफळाचीही फुलं त्याच फुग्याच्या अवस्थेत घ्या, नखाने किंवा बारीक कात्रीने फुलाची वाटी कापून पाकळ्या आणि पुंकेसर एकदम काढा, मध्ये फक्त स्त्रीकेसर उभा राहील. उघडलेलं फूल घेऊ नका, ते स्वतःच्या परागाने फळलेलं असतं, तुमच्या ४१ झाडांनी ते सिद्ध केलंय. दुसऱ्या दिवशी बोटाने पराग लावा. पाकळ्या नसलेल्या फुलाकडे मधमाशी सहसा येत नाही, त्यामुळे पिशवी नसली तरी निभतं. फांदीवरची बाकीची सगळी फुलं खुडून टाका.

कोय फोडून काढलेलं बी ओल्या वाळूत ४-५ अंशांवर दोन ते तीन महिने. थंडी पुरली नाही तर रोप येतं पण पानांचा गुच्छ होऊन खुजं बसतं, मग ते जातीचा दोष समजून लोक उपटतात.

आणि अपेक्षा: गर न विरघळणारा हा गुण अप्रभावी आहे. पहिल्या पिढीत तो दिसेलच असं नाही. शेंडेफळात त्याची दडलेली प्रत असेल तर निम्म्या रोपांत दिसेल, नसेल तर एकाही नाही, आणि एक पिढी आणखी जाईल. रोप फळावर यायला तीन वर्षं, कलमांच्या चाचण्यांना पुढची पाच-सात. संकरापासून बाजारापर्यंत दहा ते पंधरा वर्षं धरूनच चला.

रानवारा

बापाचीही मंद पिकण्याची तपासणी करा, विसरू नका. दोघांची पानं एकत्रच पाठवा.

पानगळ

पुढचा हंगाम संपला. ज्यांनी वेळ दिला त्यांना हिशोब देणं लागते.

या वर्षी हात घट्ट करून विरळणी केली, दोन फळांत वीतभर अंतर. १७५ फळं ठेवली. १६८ व्या दिवशी पहिला तोडा, नऊ दिवसांत दोन तोड्यांत झाड मोकळं. चार फांद्यांना पिशव्या बांधल्या: ६० फळांना दीड तास, एकटीने. पिशवीतलं एकही फळ सडलं नाही, बाहेरची अकरा गेली. मृगधारा, तास लिहिलेत, बाकी तुम्ही ठरवा.

शीतगृहात जागा मिळाली. शून्य अंशावर तीन आठवड्यांनी दहापैकी दहा रसाळ. चार आठवड्यांनी दहापैकी चारांच्या कोयीभोवती तपकिरी. पाच अंशांवर तिसऱ्या आठवड्यातच आठ फळं कापूस. म्हणजे माझा फ्रिजच दोषी होता, पण चौथा आठवडा या फळाला झेपत नाही, हेही तेवढंच खरं.

मंद पिकण्याची एक प्रत शेंडेफळात आहे. बापात नाही.

आणि विषाणू. शेंडेफळाच्या मूळ झाडात नेक्रॉटिक रिंगस्पॉट निघाला. पानांवर एक ठिपका नाही, झाड निरोगी दिसतं. अहवाल हातात आला तेव्हा त्या शंभर झाडांचा विचार आला आणि बराच वेळ काही सुचलं नाही. बारा कलमं आधीच भरली होती, ती आता बाधित म्हणूनच वेगळी ठेवली आहेत, तुलनेसाठी.

संकराच्या ६४ कोयी मिळाल्यात. हा विषाणू बियांतूनही जातो असं वाचलं. त्या टाकून द्यायच्या का?

डोळाकलम

टाकू नका. जातो, पण सगळ्या बियांत नाही. रुजवा, प्रत्येक रोपाची तपासणी करा, बाधित निघेल ते उपटा. रोपं तोवर जाळीच्या घरात, बाकी झाडांपासून लांब ठेवा, कारण फुलं आली की हा परागातूनही पसरतो.

शेंडेफळासाठी एक कुंडीतलं कलम घेऊन ३७-३८ अंशांच्या उष्ण खोलीत तीन-चार आठवडे वाढवतात, आणि त्या काळात फुटलेला शेंड्याचा अगदी बारीक कोंब निरोगी रोपावर चढवतात. बहुतेकदा विषाणू मागे राहतो. स्वतः करू नका, सोय असलेल्या प्रयोगशाळेला द्या. नंतर दोनदा तपासणी, मधे एक सुप्तावस्था जाऊ देऊन.

पानगळ

काल कोयी फोडल्या. ६४ पैकी तीन पोकळ, एक माझ्याच हातोडीने फुटली. ६० बिया ओल्या वाळूत, ४ अंशांवर. डब्यावर तारीख, आई आणि बाप लिहिलंय. प्रयोगशाळेने शेंडेफळाचं कलम पुढच्या महिन्यात कुंडीतून पाठवायला सांगितलंय. बिया रुजल्या की इथेच लिहीन.